बर्फाखालून गेलेला व्हेल कोणाच्या वहीत? अलास्कातल्या बोहेड शिकारीच्या नोंदींचं प्रकरण

कोकणात बंदरावर मासळी उतरते तेव्हा वही घेऊन उभं राहायचं काम मी काही वर्षं केलंय. किती टोपल्या, कुठली मासळी, कुठलं जाळं, किती वाव पाण्यात, सगळं लिहायचं. तेव्हा एक गोष्ट रोज दिसायची, वही सरकारी वाटली की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आकडा कमी सांगतो, आणि तोच तांडेल संध्याकाळी चहाला बसला की सगळं खरं सांगतो, अगदी किती माल फेकून द्यावा लागला तेसुद्धा. खोटं बोलायची हौस नसते कुणाला, त्या आकड्याचं पुढे काय होणार हे माहीत नसतं म्हणून तो हात राखून बोलतो. अलास्काचं हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो चहाच्या टपरीवरचा तांडेलच आठवला, आणि तेव्हापासून ते नीट लिहून काढायचं मनात होतं.

सालं, गावं, संस्था खऱ्या आहेत. माणसांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, त्यांच्या कामावरून ओळख दिलीये.

पार्श्वभूमी

बोहेड हा आर्क्टिकचा देवमासा. १५ ते १८ मीटर लांब, काळा, पाठीवर पर नाही, अंगावर चरबीचा जाड थर आणि डोकं एवढं मोठं की त्याने खालून बर्फ फोडून श्वास घेतो. हिवाळा बेरिंग समुद्रात काढायचा आणि एप्रिल ते जूनमध्ये अलास्काच्या किनाऱ्याने बर्फाला पडलेल्या भेगांमधून वर ब्यूफोर्ट समुद्रात जायचं, हा त्याचा दरवर्षीचा रस्ता. त्या भेगांच्या काठावर इन्युपियाट आणि सेंट लॉरेन्स बेटावरचे युपिक लोक हजार वर्षांहून जास्त काळ त्याची वाट बघत बसत आलेत. होडी म्हणजे उमियाक, लाकडी सांगाड्यावर सीलची कातडी ताणून शिवलेली, आणि ती शिवण बायकांची, पाणी आत येणार नाही अशी. होडीचा प्रमुख उमियालिक, म्हणजे आपल्याकडचा तांडेलच म्हणा, फक्त गावातला त्याचा मान बराच मोठा कारण मिळालेला व्हेल त्याच्या एकट्याचा नसतो. मांस, कातडीसकट चरबी म्हणजे मक्ताक, जीभ, हृदय, प्रत्येकाचा वाटा ठरलेला, मदतीला आलेल्या होड्यांचा वेगळा, आणि जूनमध्ये नालुकाताक नावाच्या सणाला अख्ख्या गावाला वाटप. तिथे भाजी पिकत नाही, दुकानात बाहेरून आलेला माल भयंकर महाग. त्यामुळे ही शिकार बंद म्हणजे घरातलं जेवण बंद आणि नात्यांचा सगळा हिशोबही बंद.

आता व्हेल कमी कोणामुळे झाले हे सांगायला हवं, कारण पुढचा राग त्याशिवाय कळत नाही. १८४८ मध्ये पहिलं अमेरिकन व्हेलिंग जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वर गेलं आणि पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत तेलासाठी आणि व्हेलच्या तोंडातल्या, बायकांच्या कॉर्सेटमध्ये घालायच्या पट्ट्यांसाठी या भागातले १८ हजारांच्या आसपास बोहेड मारले गेले. हा आकडा कळला तो त्या जहाजांच्या लॉगबुकांवरून. म्हणजे संहार करणाऱ्यांच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि वर्षाला थोडेसे व्हेल मारून खाणाऱ्या गावांची वहीच नव्हती कारण त्यांना कधी ती लागलीच नाही.

विसाव्या शतकात बोहेडची धंदेवाईक शिकार आंतरराष्ट्रीय करारांनी बंद झाली, आदिवासी गावांना पोटापुरती सूट राहिली. १९७२ मध्ये अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आला, त्यातही अलास्काच्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांना सूट, अट एवढीच की नासधूस होता कामा नये. नासधूस झाली की नाही हे कशावरून ठरवायचं, कोण लिहून ठेवणार, हे कुणी बसून ठरवलं नाही. पुढच्या सगळ्या भांडणाची सुरुवात मला तिथे दिसते.

अडचण

सत्तरच्या दशकात तेलाच्या पाइपलाइनची कामं निघाली, मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या दाव्यांचा निवाडा झाला, गावात रोख पैसा आला. होडी आणि सामान उभं करायला पैसा लागतो, तो आल्यावर होड्या वाढल्या, नवे कप्तान वाढले, त्यातले काही कमी अनुभवी. हातात येणारे व्हेल वाढलेच, पण हत्यार लागून निसटणारे जास्त वाढले. घाव लागलेला व्हेल बर्फाखाली गेला तर तो मेला की जगला हे कुणालाच कळत नाही. १९७६ मध्ये ४८ व्हेल किनाऱ्याला लागले आणि जवळपास तेवढेच जखमी होऊन गेले. १९७७ मध्ये तर हाती आले फक्त २९ आणि घाव लागलेले एकूण शंभराच्या वर.

हे आकडे सरकारी माणसांनी गावात राहून गोळा केले होते आणि ते बिनबुडाचे नव्हते, कप्तानांनाही निसटणारे व्हेल दिसत होतेच. खरी गडबड दुसऱ्या आकड्यात होती, एकूण व्हेल किती? व्हेल शिकारीचे नियम ठरवणारी देशांची संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशन, तिच्या शास्त्रज्ञांपुढे अंदाज होता ६०० ते २,००० चा. हजारभर व्हेलमधून वर्षाला शंभरांना घाव म्हणजे जात संपणार हे सरळ गणित. जून १९७७ मध्ये कॅनबेराच्या मीटिंगमध्ये कमिशनने सूट काढून टाकली. कोटा शून्य. अमेरिकेने बाजूने किंवा विरोधात मत दिलंच नाही, तटस्थ राहिली.

कप्तान म्हणत होते की व्हेल यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. तुम्ही भेगेच्या काठावरून समोर दिसतात तेवढे मोजता, पण व्हेल भेग बंद असली तरी जातात, बर्फाखालून जातात, डोक्याने बर्फ उचलून फोडून श्वास घेतात, आणि काठापासून लांब, नजरेच्या पलीकडूनही जातात. हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या बर्फावर बसून बघितलेलं. पण ते कुठल्या रिपोर्टात नव्हतं, त्यामुळे कॅनबेराच्या टेबलावर ते नव्हतंच.

कमिशनचे शास्त्रज्ञ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेकडे या शिकारीची माहिती मागत होते, निसटणारे व्हेल कमी करा म्हणत होते. ही काळजी गावांपर्यंत पोचायला हवी तशी पोचली नाही. बंदी आली तेव्हा बहुतेक कप्तानांसाठी ती अचानक आभाळ कोसळावं तशी होती. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही.

कोणापुढे काय पर्याय होते

अमेरिकन सरकारपुढे तीन वाटा होत्या. पहिली, करारातल्या तरतुदीप्रमाणे मुदतीत हरकत नोंदवायची, मग बंदी अमेरिकेला लागू होत नाही. गावांची मागणी हीच होती. पण अमेरिका तेव्हा जगभरची धंदेवाईक व्हेल शिकार थांबवायला सगळ्यांच्या पुढे होती आणि आपणच हरकत घेतली तर जपान आणि सोव्हिएत संघ उद्या तेच करणार. दुसरी वाट, शून्य मान्य करून बसायचं, म्हणजे त्या गावांना अन्नाशिवाय सोडायचं. तिसरी मधली, हरकत घ्यायची नाही पण डिसेंबरच्या खास मीटिंगमध्ये संशोधनाचं आणि शिस्तीचं वचन देऊन थोडा कोटा मागायचा.

गावांपुढेही तीन. कायदा न मानता शिकारीला जायचं, जे बऱ्याच लोकांना अगदी न्याय्य वाटत होतं आणि मला त्यात चुकीचं काही दिसत नाही, आपल्या अन्नाचा निर्णय आपल्याला न विचारता दुसऱ्या खंडात झाला तर माणूस काय करणार. किंवा कोर्टात जायचं. किंवा मग स्वतःची संस्था काढायची, स्वतः नियम करायचे आणि स्वतः व्हेल मोजायचे.

सरकारने तिसरी वाट धरली. गावांनी दुसरी आणि तिसरी एकदम धरली आणि पहिली हाताशी ठेवली. कोर्टात खालच्या न्यायाधीशाने सरकारला हरकत नोंदवायला सांगितलं होतं, पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी, २४ ऑक्टोबर १९७७ ला, वरच्या कोर्टाने तो आदेश उलटवला, परराष्ट्र धोरणात कोर्टाने असं पडू नये म्हणून. हरकत गेली नाही.

काय काय केलं गेलं

ऑगस्ट १९७७ मध्येच बॅरोला, म्हणजे आत्ताच्या उत्कियाग्विकला, नऊ गावांच्या कप्तानांनी मिळून अलास्का एस्किमो व्हेलिंग कमिशन काढलं होतं. डिसेंबरला टोकियोच्या खास मीटिंगमध्ये १९७८ साठी कोटा मिळाला, १२ हाती आलेले किंवा १८ घाव लागलेले, यातलं जे आधी होईल ते. नऊ गावांना मिळून बारा व्हेल. पण या कोट्यात एक गोष्ट नवी होती आणि मला ती कोट्याच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ‘घाव’ हे मोजायचं एकक झालं. आधी सगळं लक्ष किनाऱ्याला किती लागले यावर, आता हार्पून किंवा व्हेलच्या अंगात फुटणारा बॉम्ब लागला की गावाच्या खात्यातून एक गेला, हाती येवो न येवो. त्यामुळे घाईने हत्यार टाकणारा कप्तान शेजारच्या होडीचा व्हेल घालवतो हे सगळ्यांनाच दिसायला लागलं.

पुढची दोन-तीन वर्षं कठीण गेली. सरकारी माणूस बर्फावर तंबूत, कप्तान त्याच्याशी बोलेना, कारण तो जे लिहील ते उद्या खटल्यात येईल ही भीती. १९८० मध्ये कोटा ओलांडला गेला, आणि दोन्ही बाजूंना कळून चुकलं की असं चालणार नाही. मार्च १९८१ मध्ये सरकारची समुद्र आणि हवामान संस्था नोआ आणि कप्तानांचं कमिशन यांच्यात सहकार्य करार झाला. हंगामाची देखरेख, नोंद, नियम मोडणाऱ्या कप्तानाला दंड किंवा काही हंगाम बंदी, हे कमिशनने करायचं. रिपोर्ट सरकारला द्यायचा, आणि कमिशनकडून ते झालं नाही तर सरकार अधिकार परत घेऊ शकतं.

आता त्या रिपोर्टात काय असतं ते बघा. कप्तानाने लिहायचं, घाव किंवा घावाचा प्रयत्न कधी, कुठे. व्हेल हाती आला तर नर की मादी, वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी, शेपटीची पूर्ण रुंदी. पोटात पिल्लू असेल तर त्याची लांबी आणि लिंग. आणि व्हेल निसटला असेल तर का निसटला, काय परिस्थिती होती. शिवाय प्रत्येक कप्तानाच्या हार्पूनवर आणि बॉम्बवर त्याची खूण हवी, म्हणजे उद्या मेलेला व्हेल वाहत आला तर घाव कोणाचा ते कळतं. ‘का निसटला’ हा रकाना मला फार शहाणपणाचा वाटतो. नुसतं ‘१ निसटला’ लिहिलं की तो आरोप होतो. दोरी तुटली, बॉम्ब फुटला नाही, भेग मिटली, असं लिहिलं की काय सुधारायचं ते कळतं. आणि सुधारलंही. जुन्या काळ्या दारूच्या बॉम्बऐवजी पेन्थ्राइट या स्फोटकाचे बॉम्ब आले, व्हेल लवकर मरतो आणि कमी निसटतो. सत्तरच्या दशकात घाव लागलेल्यांपैकी साधारण निम्मे हाती यायचे, अलीकडे चारातले तीन किंवा त्याहून जास्त येतात.

दुसरं काम मोजणीचं. सुरुवातीला सरकारी शास्त्रज्ञ बर्फाच्या उंचवट्यावर बसून दुर्बिणीतून मोजायचे, १९७८ च्या मोजणीवरून २,२०० च्या वर आकडा आला, म्हणजे बंदीच्या अंदाजाहून जास्त. मग ऐंशीच्या सुरुवातीला हे काम नॉर्थ स्लोप बरो या तिथल्या स्थानिक सरकारने हातात घेतलं. त्यांच्या शास्त्रज्ञांनी एक गोष्ट केली जी आधी कुणी केली नव्हती, म्हाताऱ्या कप्तानांचं म्हणणं एकेक घेऊन ते तपासायचं ठरवलं. व्हेल बर्फाखालून जातात म्हणता? मग पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र, सोडा. काठापासून लांब जातात? मग विमानातून बघा. उंचवट्यावरच्या माणसाला किती व्हेल दिसतच नाहीत? मग दोन ठिकाणी दोन टोळ्या बसवा, एकमेकांना न सांगता मोजा, आणि एकाला दिसलेले दुसऱ्याला किती दिसले ते ताडून बघा. एप्रिल-मेची थंडी, दिवस-रात्र पाळ्या, पांढरं अस्वल येतंय का बघायला एक माणूस बंदूक घेऊन, आणि बर्फ कुठे तुटणार हे सांगायला गावातलेच अनुभवी लोक.

हायड्रोफोनने सांगितलं की भेग मिटलेली असताना, काठावरून एकही व्हेल दिसत नसताना, खालून व्हेल आवाज देत चाललेत. वीतभर जाड बर्फ डोक्याने उचलून केलेले श्वासाचे उंचवटेही शास्त्रज्ञांनी मोजून लिहिले. कप्तान म्हणाले होते तसंच.

निष्पत्ती

१९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कमिशनने ७,८०० चा अंदाज मान्य केला. २००१ च्या मोजणीत १० हजारांच्या वर, २०११ च्या मोजणीत १६ हजारांच्या वर. यातली थोडी वाढ मोजण्याची पद्धत सुधारल्यामुळे, पण व्हेल खरोखरच वाढले, वर्षाला तीन-चार टक्क्यांनी, आणि ते शिकार चालू असताना वाढले. कोटाही वाढला. २०१८ मध्ये ब्राझीलच्या मीटिंगमध्ये २०१९ ते २०२५ साठी ३९२ व्हेल मान्य झाले, रशियातल्या चुकोत्काच्या लोकांचा वाटा त्यातच. नऊची अकरा गावं झालीयेत.

कोट्यासाठी गावांची ‘गरज’ किती हेही आकड्यात दाखवायला लागलं. त्यासाठी १९१० ते १९६९ मध्ये कुठल्या गावाने किती व्हेल आणले ते जुन्या कागदांतून शोधून, माणशी सरासरी काढून, आत्ताच्या लोकसंख्येने गुणलं. कित्येक वर्षांपूर्वी कुणी तरी सहज लिहून ठेवलेली ओळ इथे लोकांच्या ताटापर्यंत आली.

नोंदींमधून असंही काही हाती आलं जे कुणी मागितलंच नव्हतं. कप्तान शास्त्रज्ञांना व्हेल मोजू देतात, डोळे, ऊती घेऊ देतात, कापणी चालू असताना, हात रक्ताने भरलेले असताना. डोळ्याच्या भिंगावरून वय काढलं तर काही व्हेल शंभर वर्षांच्या पुढचे निघाले, एक तर दोनशेच्या पुढचा. २००७ मध्ये उत्कियाग्विकच्या एका व्हेलच्या खांद्यात जुन्या बॉम्बचा तुकडा सापडला, अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनवलेला. म्हणजे लॉगबुकवाल्यांच्या काळातला एक ‘निसटलेला’ व्हेल, जो त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं जगला. निसटलेला म्हणजे मेलेलाच असं धरून चालणाऱ्यांनी हा तुकडा लक्षात ठेवावा, आणि निसटलेला म्हणजे जगलाच असं म्हणणाऱ्यांनीही, कारण बाकीच्यांचा तुकडा कुणाच्या हाती लागणार नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. २००२ मध्ये जपानमधल्या शिमोनोसेकीच्या मीटिंगमध्ये जपान आणि त्याच्या बाजूच्या देशांनी कोटा अडवला, तेव्हा व्हेलची संख्या ठीक होती, नोंदी चोख होत्या, तरीही. भांडण दुसऱ्याच शिकारीचं होतं. ऑक्टोबरमध्ये खास मीटिंग घेऊन तो मिळाला. गावातल्या लोकांनी ते काही महिने कसे काढले असतील याचा विचार करा, आपल्याकडून सगळं बरोबर करूनही.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिला टप्पा १९७२. कायद्यात सूट लिहितानाच गावांना सोबत घेऊन साधी नोंद सुरू करता आली असती. तेव्हा बंदी डोक्यावर नव्हती, कुणी कुणावर संशय घेत नव्हतं. बरोबर पाच वर्षांनी तीच नोंद भीतीच्या वातावरणात सुरू करायला लागली.

दुसरा, १९७७ चा अंदाज. ६०० ते २,००० हा आकडा कच्चा आहे हे शास्त्रज्ञांनाही माहीत होतं आणि कमी माहिती असताना सावध राहणं चूक नाही, मी तिथे असतो तर मीही बहुतेक ‘थांबा’च म्हटलं असतं. पण आकड्यासोबत ‘आम्ही फक्त उघड्या भेगेतून मोजलं’ एवढं वाक्य ठळक असतं तर प्रश्न ‘बंदी की नाही’ असा न राहता ‘बर्फाखाली कसं मोजायचं’ असा झाला असता, आणि त्याचं उत्तर द्यायला माणसं गावातच होती.

तिसरा, १९८१ चा करार. तो लवकर व्हायला हवा होता असं सगळे म्हणतात, मला तसं नक्की वाटत नाही. १९७८ ला सरकारने असा करार दिला असता तरी कप्तानांनी तो घेतला असता का? आधी स्वतःची संस्था उभी राहिली, मोजणीत आपलं म्हणणं खरं ठरतंय हे दिसलं, मग आकडा सांगायची भीती गेली. आपल्याकडे जाळ्यात डॉल्फिन, कासव, व्हेल शार्क अडकला की कोळी गुपचूप राहायचे, लिहून द्यायचं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं. २०१८ च्या शेवटी महाराष्ट्र सरकारने जाळं कापून प्राणी सोडला आणि फोटो-व्हिडिओ दिला तर २५ हजारांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली, आणि जे आधी समुद्रातच राहायचं ते कागदावर यायला लागलं. नोंद देणाऱ्याचं नुकसान होणार नाही हे आधी, फॉर्म नंतर.

चौथा टप्पा खरं तर अलास्कातलाच, पण दुसऱ्या व्हेलचा. अँकरेज शहराजवळच्या कुक इनलेट खाडीत पांढरे बेलुगा आहेत. तिथेही मूळ रहिवाशांना तीच १९७२ ची सूट, पण बोहेडसारखी कप्तानांची एक संस्था नव्हती, शहरात राहणारे वेगवेगळ्या गावचे शिकारी होते, आणि शिकारीच्या नोंदी तुटक. १९९४ ला ६५३ बेलुगा मोजले, १९९८ ला ३४७. चार वर्षांत जवळजवळ निम्मे. तेव्हा धावाधाव झाली, १९९९ ला शिकार थांबली, नंतरच्या वर्षांत करार करून मोजके बेलुगा घेतले, शेवटचे २००५ मध्ये. २००८ ला त्यांचं नाव संकटग्रस्त यादीत गेलं. शिकार बंद होऊन एवढी वर्षं झाली तरी ते पहिल्यासारखे वाढलेले नाहीत, आणि शिकारीने किती गेले, दुसऱ्या कशाने किती गेले, हे वेगळं करायला बसलं की त्या चार वर्षांच्या आधीची वहीच सापडत नाही.